उत्तर कळण्याआधीचा निवाडा

बीटल्सचं 'व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर' हे गाणं ऐकलं की माणसाचं वय जवळजवळ दीड वर्षाने कमी होतं. मनाला तरुण वाटतं वगैरे नाही; जन्मतारखेवरून मोजलेलं वयच कमी होतं. हा निष्कर्ष २०११ साली 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नामांकित जर्नलमध्ये छापून आला. प्रयोग खरा होता, विद्यार्थी खरे होते, आकडेमोडही चोख होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले २० विद्यार्थी घेतले. काहींना हे गाणं ऐकवलं, काहींना विंडोज ७ बरोबर येणारी एक धून. मग जन्मतारीख विचारली. बीटल्स ऐकणाऱ्यांचं सरासरी वय निघालं २०.१ वर्षं, धून ऐकणाऱ्यांचं २१.५. संख्याशास्त्राची कसोटीही निकाल पार करून गेला.

जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि युरी सायमनसन या तिघा संशोधकांनी हा खटाटोप मुद्दाम केला होता. त्याच पेपरात पुढे त्यांनी सगळं उघड करून सांगितलं. ऐकवलेली गाणी दोन नव्हती, तीन होती. तिसऱ्या गाण्याने काही साधलं नाही म्हणून ते गाळलं. विद्यार्थ्यांना जन्मतारखेशिवाय आणखी बरंच काही विचारलं होतं. तुम्हाला किती म्हातारं वाटतं, राजकीय मतं काय, आईचं वय किती, वडिलांचं किती. त्यातलं वडिलांचं वय हिशेबात धरल्यावर फरक उठून दिसला, म्हणून तेवढंच धरलं. किती विद्यार्थी घ्यायचे तेही आधी ठरवलं नव्हतं. दर दहाएक जणांनंतर आकडे तपासायचे आणि मनासारखं आलं की थांबायचं. यातली एकही गोष्ट त्या काळच्या नियमांत बसत नव्हती असं नाही. पेपरात ती सांगावी असंही बंधन नव्हतं.

हे जमतं कसं, ते समजायला एक आकडा पुरतो. बहुतेक शास्त्रांत रूढ कसोटी अशी: खरं तर काहीच परिणाम नसताना, निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर निकाल 'लक्षणीय' म्हणायचा. म्हणजे मुळात काही नसतानाही विसातून एकदा काहीतरी दिसणार. एकच गोष्ट एकदाच तपासली तर हे चालून जातं. पण एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस गोष्टी तपासल्या, तर त्यातली निदान एक तरी योगायोगाने 'लक्षणीय' निघण्याची शक्यता ६४ टक्के होते. सिमन्स आणि मंडळींनी दाखवलं की विद्यार्थ्यांची संख्या, मोजमापं, गट आणि हिशेबात धरायच्या बाबी एवढ्या चारच जागी हात मोकळा ठेवला, तरी खोटा निकाल हाती येण्याची शक्यता ५ वरून साठीच्या घरात जाते.

कॅरम खेळताना जी सोंगटी पॉकेटमध्ये गेली तिच्यावरच आपला नेम होता, असं छातीठोक सांगणारा गडी प्रत्येक कट्ट्यावर असतो. तिथे आपण हसून सोडून देतो. शास्त्रज्ञ हेच करतो तेव्हा त्याचा पेपर होतो, पेपरावरून नोकरी मिळते, नोकरीवरून पुढची ग्रँट. आणि यातल्या बहुतेकांना आपण काही वावगं करतोय असं वाटतही नसतं. आकडे समोर आल्यावर 'खरं म्हणजे मला हेच तपासायचं होतं' अशी स्वतःची समजूत घालणं फार सोपं असतं.

विज्ञानातल्या या दुखण्याची चर्चा बहुधा लबाड माणसांपाशी येऊन थांबते: अमक्याने आकडे रचले, तमक्याने छायाचित्रं बदलली. अशी माणसं असतात आणि त्यांना शिक्षाही व्हायला हवी. पण मोठं नुकसान प्रामाणिक माणसांच्या हातून होतं, कारण त्यांच्या कामाची किंमत उत्तर कळल्यावर ठरते. 'हो, परिणाम दिसला' या उत्तराला मान आहे. 'नाही, काही दिसलं नाही' हे उत्तर कितीही काळजीपूर्वक काढलेलं असलं, तरी संपादकाला ते नको असतं.

मानसशास्त्रातल्या गमतीजमतींपुरतं हे असतं तर चाललं असतं. २००८ साली एरिक टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्यांचा माग काढला. औषध बाजारात आणण्याआधी कंपन्यांना या चाचण्या अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, नोंदवाव्या लागल्या होत्या, म्हणून मूळ निकाल सरकारी दप्तरात होते. दप्तराप्रमाणे ३८ चाचण्यांत औषध गुणकारी ठरलं होतं, ३६ मध्ये नाही किंवा संशयास्पद. आता जर्नलांत काय छापलं गेलं ते पाहा. गुणकारी ठरलेल्या ३८ पैकी ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ पैकी २२ कधी छापल्याच गेल्या नाहीत, ११ चाचण्यांचा निकाल असा फिरवून मांडला की औषध गुणकारी वाटावं, आणि जशाच्या तशा आल्या फक्त ३. दप्तर वाचणाऱ्याला औषधं निम्म्या चाचण्यांत उतरलेली दिसत होती; जर्नल वाचणाऱ्या डॉक्टरला ९४ टक्के. औषधाची चिठ्ठी डॉक्टर जर्नलांतल्या माहितीच्या भरवशावर लिहितात.

आपल्याकडे याच दुखण्याने वेगळं रूप घेतलं. इथे उत्तर काय आलं यापेक्षा पेपर छापून आला की नाही यालाच मोल आलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांत पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी एक पेपर सक्तीचा केला. २०१० पासून कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणारी गुणपद्धत, आली आणि तिच्यात पेपरांना पॉइंट मिळू लागले. ज्या कॉलेजात धड प्रयोगशाळा नाही, आठवड्याचे तास घेता घेता नाकी नऊ येतात, तिथल्या माणसालाही पेपर हवा झाला. मग पैसे घेऊन आठ दिवसांत पेपर छापणारी जर्नलं निघाली. नाव 'इंटरनॅशनल', संपादक मंडळावर दहा देशांतली नावं, आणि पीअर रिव्ह्यू, म्हणजे जाणकारांकडून होणारी छाननी, नावापुरती.

आयोगाने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली, तर तीतही हीच मंडळी घुसली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यापीठांच्या शिफारशीवरून त्या यादीत आलेली हजारभर जर्नलं तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक जर्नलं दर्जाच्या साध्या कसोट्यांनाही उतरली नाहीत. पत्ता नाही, संपादकाचा ठावठिकाणा नाही, दावे खोटे. हा अभ्यास २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये आला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आयोगाने यादीतून ४,३०५ जर्नलं वगळली. पुढे पुण्याच्याच मदतीने 'केअर' नावाची नवी यादी आली, आणि २०२५ च्या सुरुवातीला तीही मागे घेऊन जर्नल निवडण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली गेली. दरम्यान २०२२ मध्ये पीएचडीसाठी पेपरची सक्ती उठली होती. जर्नलांच्या याद्या आल्या नि गेल्या. नोकरी आणि बढतीच्या मुलाखतीत मात्र 'पेपर किती?' हा प्रश्न अजून आहेच.

मग उपाय काय? ज्या सुधारणांचा खरोखर उपयोग झाला त्यांच्याकडे पाहिलं तर एक समान गोष्ट दिसते. त्यांनी निवाड्याची वेळ बदलली. काय तपासणार, कसं तपासणार, किती जणांवर तपासणार, हे उत्तर कळण्याआधी लिहून घ्यायचं, आणि कामाचा दर्जा त्यावर ठरवायचा.

औषधांच्या चाचण्यांत हे आधी घडलं, तेही कोर्टकचेरीमुळे. २००४ साली न्यूयॉर्क राज्याचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनवर दावा ठोकला. पॅरोक्सेटिन हे औषध लहान मुलांना देण्याबद्दलची प्रतिकूल माहिती कंपनीने दाबून ठेवली, असा आरोप होता. २५ लाख डॉलर भरून कंपनीने प्रकरण मिटवलं. त्याच वर्षी मोठ्या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी जाहीर केलं की पहिला रुग्ण घेण्याआधी सार्वजनिक रजिस्ट्रीत न नोंदवलेल्या चाचणीचा पेपर आम्ही छापणार नाही. अमेरिकेत अशी रजिस्ट्री २००० सालापासून होतीच. आता तिथे रांग लागली. भारतात वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २००७ साली 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' सुरू केली आणि २००९ पासून औषध महानियंत्रकांनी नोंदणी सक्तीची केली.

फरक काय पडला? अमेरिकेच्या हृदय, फुप्फुस आणि रक्तविकार संस्थेने पैसा पुरवलेल्या ५५ मोठ्या चाचण्या रॉबर्ट कॅप्लान आणि व्हेरोनिका अर्विन यांनी २०१५ साली तपासल्या. सगळ्या हृदयविकारावरच्या औषधांच्या किंवा पूरक आहाराच्या. २००० पूर्वी छापलेल्या ३० पैकी १७ चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता, म्हणजे ५७ टक्के. २००० नंतरच्या २५ पैकी फक्त २ चाचण्यांत, म्हणजे ८ टक्के. औषधं अचानक निकामी झाली असं कुणी म्हणणार नाही. एवढ्या मोठ्या घसरणीला एकच कारण आहे असंही छातीठोक सांगता येत नाही. पण दोघांना सगळ्यात सयुक्तिक वाटलेलं कारण म्हणजे मुख्य मोजमाप आधी जाहीर करण्याची सक्ती. मृत्यू कमी झाले का हे पाहायचं ठरवलं असेल, तर आता 'मृत्यू कमी झाले नाहीत, पण रक्तातलं अमुक सुधारलं' असं म्हणून यश साजरं करता येत नव्हतं.

मानसशास्त्राला जाग आली ती एका अचाट पेपरमुळे. कॉर्नेल विद्यापीठाचे ज्येष्ठ प्राध्यापक डॅरिल बेम यांनी २०११ साली नऊ प्रयोग छापले. हजाराहून अधिक माणसांवर केलेले, आणि निष्कर्ष असा की माणसाला भविष्याची चाहूल लागते. एका प्रयोगात संगणकाच्या स्क्रीनवर दोन पडदे दिसायचे. कोणत्या पडद्यामागे चित्र येणार हे संगणक नंतर ठरवायचा. कामुक चित्रांच्या बाबतीत लोकांनी ५३.१ टक्के वेळा बरोबर ओळखलं. योगायोगाने ५० टक्के यायला हवं होतं. ब्रिटनमधल्या तिघांनी बेम यांचा एक प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि हाती काही लागलं नाही. ते निकाल घेऊन ते बेम यांचा पेपर छापणाऱ्या जर्नलकडेच गेले. उत्तर आलं: झालेले प्रयोग पुन्हा केल्याचे पेपर आम्ही छापत नाही.

या उत्तराने अनेकांचे डोळे उघडले. बेम यांनी नियम मोडले नव्हते. नियम पाळूनच ते तिथवर पोचले होते. मग इतर निष्कर्षांचं काय? ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने २७० जणांनी मानसशास्त्रातल्या तीन चांगल्या जर्नलांमधले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ पेपरांत ९७ टक्के निकाल 'लक्षणीय' होते. २०१५ साली छापलेल्या पुनर्प्रयोगांत फक्त ३६ टक्के उरले.

याच काळात 'रजिस्टर्ड रिपोर्ट' ही पद्धत पुढे आली. कार्डिफ विद्यापीठाचे ख्रिस चेंबर्स यांनी २०१३ साली 'कॉर्टेक्स' या जर्नलमध्ये ती सुरू केली. संशोधकाने आधी फक्त प्रश्न, पद्धत आणि आकडेमोडीचा आराखडा पाठवायचा. रिव्ह्यूअर तो वाचतात आणि चुका दाखवतात: एवढ्या माणसांत उत्तर मिळणार नाही, ही तुलना अपुरी आहे, हे मोजमाप बदला. प्रयोग व्हायचा असतो, म्हणून चूक अजून दुरुस्त करता येते. आराखडा पटला की जर्नल लेखी शब्द देतं: ठरल्याप्रमाणे काम करा, उत्तर काहीही येवो, पेपर छापू. त्यानंतर प्रयोग. ठरलेल्यापेक्षा वेगळं काही सुचलं तर तेही करता येतं, फक्त ते वेगळ्या मथळ्याखाली, नंतर सुचलेलं म्हणून लिहायचं. आज अशी सोय असलेली जर्नलं तीनशेहून जास्त आहेत.

२०२१ साली ॲन शील आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्रातले दोन्ही प्रकारचे पेपर शेजारी ठेवून पाहिले. नेहमीच्या पेपरांत मूळ अंदाज ९६ टक्के वेळा खरा ठरला होता. रजिस्टर्ड रिपोर्टमध्ये ४४ टक्के वेळा. शंभरातले ९६ अंदाज बरोबर यायचे असतील तर प्रयोग करायचेच कशाला?

यावरचे आक्षेपही खरे आहेत. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगच्या बशीत बुरशी आली तेव्हा त्याने कुठलाही आराखडा नोंदवलेला नव्हता. नव्याच्या शोधात भटकणं विज्ञानाला हवंच. पण भटकताना सापडलेली गोष्ट 'सापडली' म्हणून सांगावी. 'मी हेच तपासायला निघालो होतो' म्हणू नये, एवढंच हे नियम मागतात. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. नोंदणी केली म्हणजे माणूस तिला बांधील राहतो असं नाही. ऑक्सफर्डच्या बेन गोल्डएकर यांच्या गटाने पाच अव्वल वैद्यकीय जर्नलांमधल्या ६७ चाचण्या त्यांच्या आधीच्या नोंदीशी ताडून पाहिल्या. नोंदवल्याप्रमाणे सगळं मांडणाऱ्या निघाल्या फक्त ९. आणि २०२३ साली छापून आलेला, खुद्द नोसेक ज्याचे एक लेखक होते असा, काटेकोर पद्धतींनी केलेले प्रयोग पुन्हा चांगले जुळतात असं सांगणारा पेपर २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला. त्यातल्या काही विश्लेषणांची पूर्वनोंदणी झालेलीच नव्हती. वैद्यालाही तेच दुखणं जडलं होतं. पण मूळ नोंदी सार्वजनिक होत्या म्हणूनच हे दोन्ही प्रकार पकडता आले.

संशोधनाला मिळणाऱ्या पैशाचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो, मात्र उलट्या बाजूने. ग्रँट देणारी संस्था निवाडा कामाआधीच करते. मग तिथे सगळं ठीक असायला हवं होतं. पण तिला आधीच कळून हवं असतं की यातून काय निघणार. प्रपोजलला 'प्राथमिक निष्कर्ष' जोडावे लागतात, म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं असावं लागतं. कॅटालिन कॅरिको यांना एमआरएनएवर काम करायचं होतं. ते औषध म्हणून चालेल यावर रिव्ह्यूअरांचा विश्वास नव्हता. ग्रँट मिळेनात, आणि १९९५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांची पदावनती केली. ड्रू वाइसमन यांच्या जोडीने त्यांनी २००५ मध्ये दाखवलेली युक्ती पुढे कोविडच्या लशींत वापरली गेली, आणि २०२३ चं नोबेल दोघांना मिळालं.

रिव्ह्यूअर अडाणी होते असं मुळीच नाही. त्यांच्याकडे मागितलेली गोष्टच कुणाला देता येण्यासारखी नव्हती. २०१८ साली अमेरिकेत ४३ अनुभवी रिव्ह्यूअरांना तीच २५ प्रपोजलं वाचायला दिली. एकाच प्रपोजलवर त्यांची मतं जुळेनात. टाकाऊ कोणतं आणि चांगलं कोणतं हे जाणकाराला ओळखता येतं, पण दहा चांगल्यांतलं सर्वांत चांगलं कोणतं, यावर एकमत होत नाही. आणि या निवडीसाठी लागणारा खर्च? ऑस्ट्रेलियात २०१२ च्या एकाच फेरीत वैद्यकीय संशोधनाची ३,७२७ प्रपोजलं लिहिण्यात संशोधकांची मिळून सुमारे ५५० वर्षं गेली, आणि पाचातल्या चारांना नकार मिळाला.

म्हणून काही संस्थांनी सरळ चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च कौन्सिलने २०१३ पासून दीड लाख डॉलरच्या 'एक्सप्लोरर' ग्रँट अशा दिल्या: कल्पना नवी आहे का आणि करता येण्याजोगी आहे का एवढं तपासायचं, जे पास होतील त्यांची नावं सोडतीत. जर्मनीतल्या फोक्सवागन फाउंडेशनने आणि ब्रिटिश अकॅडमीने हा मार्ग धरला. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय संस्थेत दोन प्रपोजलं बरोबरीत आली तर सोडतीने ठरतं. म्हाडाच्या घरांसाठी चालते तशी सोडत विज्ञानाला लावायची, हे ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण तिच्यामागचं तत्त्व रजिस्टर्ड रिपोर्टचंच आहे. प्रश्न चांगला आहे का, पद्धत नीट आहे का, हे आधी तपासता येतं, ते कसून तपासा. उत्तर काय येईल हे आधी कळत नाही, तर कळत असल्याचा आव आणू नका. जर्नलं उत्तर पाहिल्याशिवाय निवाडा करत नव्हती आणि ग्रँट देणाऱ्यांना उत्तर आगाऊ हवं होतं. चूक एकच, दोन बाजूंनी केलेली.

भारताला हे आत्ता लक्षात घ्यायला हवं, कारण इथली व्यवस्था नव्याने उभी राहतेय. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं. पाच वर्षांत ५०,००० कोटींची योजना, त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून यावा अशी अपेक्षा. आपण संशोधनावर देशाच्या उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, चीन २ टक्क्यांहून जास्त. पैसा वाढायलाच हवा. फेलोशिपची रक्कम महिनोन्महिने रखडते, तीही वेळेवर यायला हवी. घरभाड्याच्या चिंतेत असलेल्या मुलाला 'नकारात्मक निकालही छाप' असं सांगण्यात अर्थ नाही. पण जास्त पैसा त्याच जुन्या मोजपट्टीने वाटला तर त्यातून जास्त पेपर निघतील, एवढंच. ग्रँट संपताना 'किती पेपर झाले?' असं विचारण्याऐवजी 'जे तपासतो म्हणाला होतात ते तपासलं का, आणि आकडे कुठे ठेवलेत?' असं विचारणं या नव्या संस्थेला आजपासूनच जमण्यासारखं आहे. त्याला एक रुपयाही जास्त लागत नाही.

आणि हा प्रश्न विचारायला शास्त्रज्ञच असावं लागतं असंही नाही. मधुमेहावर अमुक काढा किंवा तमुक गोळी 'संशोधनातून सिद्ध' झाल्याची बातमी आली, की भारतीय रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर त्या चाचणीची नोंद कुणालाही फुकट पाहता येते. ॲलोपथीची असो की आयुर्वेदाची. तिथे नोंदणीची तारीख असते, पहिला रुग्ण घेतल्याची तारीख असते आणि मुख्य मोजमाप काय ठरलं होतं तेही असतं. तारखांचा क्रम उलटा असेल, किंवा बातमीत मिरवलेला फायदा नोंदीत कुठेच नसेल, तर त्या 'सिद्ध'वर विश्वास ठेवायची घाई करू नये. नोंदच सापडली नाही, तर मुळीच नाही.